क्रमांक ४१७

बांडुंगच्या त्या कचेरीत लिनक्सची नवी आवृत्ती तयार होत होती. छपाई सांभाळणाऱ्या नव्या प्रोग्रॅमला मशीनवर स्वतःचं खातं आणि खात्याचा क्रमांक हवा होता. केव्हाच मोडीत निघालेल्या एका प्रोग्रॅमचा ४१७ क्रमांक नेनेंगने त्याला देऊन टाकला.

“अगं, गेलेल्याचा क्रमांक पुन्हा देत नसतात,” शेजारच्या टेबलावरचे कांग तातांग, म्हणजे तातांगदादा, म्हणाले. “त्याच्या फायली नव्याच्या गळ्यात पडतात.”

“मशीन कोरं आहे, कांग. फायली येतील कुठून?”

तरी तिने पाहिलं. ४१७ची एक फाईल होती, आत्ताच लिहिलेली. तिने ती पुसली. ती परत आली.

मग तिने खातंच काढायला घेतलं. पडद्यावर उत्तर उमटलं: काढता येत नाही, ४१७ सध्या कामात आहे.

कुठून, तिने टाईप करून विचारलं.

याच कीबोर्डवरून.

नेनेंगने हात झटकन मांडीवर घेतले. कळांची टकटक थांबली नाही.