समोरचा कप

हेडसेटमधून दिसणारं हिरवं वर्तुळ टेबलावरच्या खऱ्याखुऱ्या कपाच्या काठावर बरोब्बर बसायला हवं होतं. इंजिनिअरनं स्वतः घातला की बसायचं, आईला घातला की घसरून बाजूला जायचं. उद्या साहेबांसमोर डेमो, आणि त्याचं डोकं भणभणत होतं. “आई, जरा सरळ बघ ना!” “सरळच बघतेय रे, तुझं यंत्रच तिरळं आहे.” त्यानं भिंगं सरकवली, पट्टा आवळला, मोजमाप पुन्हा घेतलं, वर्तुळ हट्टानं कपाबाहेरच. सकाळी तिनं चहासुद्धा कपाबाहेर ओतला होता, तेव्हाही तो तिच्यावर खेकसला होता. “एकेक डोळा तपासू,” असं करवादत त्यानं हेडसेट काढला आणि तिचा उजवा डोळा तळहातानं झाकला. “कप दिसतोय का आता?” “दिसतोय की,” आई घाईघाईनं म्हणाली, “तिथंच तर आहे, टेबलावर.” कप त्याच्या दुसऱ्या हातात होता, अगदी तिच्या नाकासमोर.