वीतभर वाट

"तुम्ही मार्गाबाहेर आहात," यंत्र म्हणाले.

वहिनीने ब्रेक दाबला. मागून नणंदेची सायकल येऊन तिच्या चाकाला टेकली. हँडलवरच्या छोट्या पडद्यावर त्या दोघी एका कोऱ्या हिरव्या पट्ट्याच्या मधोमध उभ्या होत्या. पायाखाली मात्र वाट होती, गवतातून झिजत सरळ पुढे गेलेली. वहिनीने टेप काढून रुंदी मोजली. तेवीस सेंटिमीटर.

"वीतभर," नणंद म्हणाली. "सायकलीला पुरते."

"नकाशात नाही, उपग्रहाच्या फोटोत नाही. मग आली कुठून?"

"तिलाच विचार."

सीमेलगतच्या खडीच्या रस्त्यांवरून जाणारा एकशे चाळीस किलोमीटरचा सायकलमार्ग वहिनीने सहा महिने खपून आखला होता. नकाशा संध्याकाळी छापायला जायचा होता आणि दोन टोके जुळायला शेवटचे तीनशे मीटर कमी पडत होते. ही वाट धरली तर वर्तुळ पुरे होत होते. नाही तर ट्रकच्या हमरस्त्याने एकतीस किलोमीटरचा वळसा, आणि असल्या मार्गावर कुणी सायकल घालणार नव्हते.

खिशातला फोन थरथरला. शेजारच्या देशाने तिचे स्वागत केले आणि घड्याळ एक तास पुढे गेले. ती चार पावले मागे आली. आता पहिल्या देशाने स्वागत केले.

"स्वागत दोघंही करतात," नणंद म्हणाली, "पाणी कुणी विचारत नाही."

वाटेच्या टोकाला गुडघाभर उंचीचा, क्रमांक घातलेला दगड होता. त्यावर साठीची एक बाई मांडीवर डबा घेऊन बसली होती आणि रबरी बुटात गेलेला खडा झटकत होती.

"मावशी, सीमा नक्की कुठे आहे?" वहिनीने विचारले.

"पलीकडे." बाईने दगडामागच्या घराकडे बोट केले.

"आणि ते घर?"

"आईचं. ते अलीकडे." बोट होते तिथेच होते.

वहिनीने पडद्याकडे पाहिले, घराकडे पाहिले. दोन्ही उत्तरे एकाच वेळी बरोबर असणे शक्य नव्हते. तिने तो प्रश्न सोडून दिला.

"वाजले किती?" बाईने विचारले.

"दहा वीस. नाही, अकरा वीस. कोणत्या बाजूचे सांगू?"

"आईचे. बाराला तिची गोळी असते."

"रोज इथूनच जाता?"

"दोनदा. एरवी सीमेच्या फाटकावरून जायचं म्हणजे एकतीस किलोमीटर, आणि बस एकच."

"त्यांना इकडे आणा की," नणंद म्हणाली.

"ती घर सोडत नाही, मी कोंबड्या सोडत नाही. एकाच मुशीतल्या आम्ही." बाईने हँडलवरच्या पडद्याकडे मान केली. "यात काय येतं?"

वहिनीने दाखवले. हिरव्या पट्ट्यातून शेतापासून दगडापर्यंत एक बारीक लाल रेघ गेली होती. बाई बराच वेळ रेघेकडे पाहत राहिली.

"ही माझी?"

"हो."

"आणि छापल्यावर?"

"लोक येतील. रविवारी शंभरेक सायकली."

"मग सरकार इथे काटेरी तार घालेल," बाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "गस्तवाला माझ्या बुटांचे ठसे ओळखतो. एका बाईची वाट तो बघून न बघितल्यासारखी करतो. शंभरांची कशी करेल?"

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "नकाशात आली की या वाटेची वाट लागणार."

वहिनीने पडद्यावर बोट ठेवले. नोंद पुसायची का, असे यंत्राने विचारले. बोट थोडा वेळ तसेच राहिले. मग तिने दाबले. रेघ गेली, पट्टा पुन्हा कोरा झाला.

"तुम्ही मार्गाबाहेर आहात," यंत्र म्हणाले.

"झालं," वहिनी म्हणाली. "आता इथे वाट नाही."

बाई तिच्याकडे पाहत नव्हती, तिच्या मागे पाहत होती. "आणि ते?"

माती दवाने ओली होती. जाड टायरांच्या चौकड्या शेतापासून दगडापर्यंत खोल उमटल्या होत्या. नणंदेला सरळ चालवता येत नव्हते. तिची चाके दोन्ही बाजूंच्या गवतातही शिरली होती.

"दुपारी गस्त असते," बाई म्हणाली. "हे कुणाचे पाय म्हणून सांगू?"

दोघींनी सायकली खांद्यावर घेतल्या.

"बूटही काढा. तळाला लोखंड आहे तुमच्या."

मग तिघी निघाल्या. मधे बाई, एका बाजूला मोज्यांवर वहिनी, दुसऱ्या बाजूला मोज्यांवर नणंद. लहान लहान पावले टाकत, एकही चौकडी न सोडता, त्यांनी तीनशे मीटर माती तुडवली. एकदा फोन थरथरला, तो कुणी पाहिला नाही.

शेताच्या कडेला पोहोचल्यावर त्यांनी वळून पाहिले. टायरची एकही खूण उरली नव्हती. वाट अगदी स्वच्छ दिसत होती, आणि तिघी शेजारी शेजारी चालू शकतील एवढी रुंद.

वहिनीचा हात टेपकडे गेला आणि खिशातच राहिला. "मावशी, हे..." ती म्हणाली.

बाईने वाटेकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले. डबा काखेत धरला आणि आईकडे चालू लागली. दहाएक पावलांवर ती थांबली.

"विचारलं त्याने तर सांगेन," ती म्हणाली, "पाय सुजलेत माझे."