देवळामागची टेकडी

"तुमच्या गावात पूर्वजांचं देऊळ कुठं आहे?" इमिग्रेशन इन्स्पेक्टर हॅलरननी विचारलं. दुभाष्या क्वाननं प्रश्न चिनीत केला.

फाय नावाच्या त्या विशीतल्या पोरानं आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग उत्तर दिलं. "रांगेच्या टोकाला, काका. उंच आहे, विटांचं."

"शेजारी?"

पुन्हा खिडकी. "चुलत्यांचं घर, दुमजली. पुढे एका विधवेचं, बसकं."

क्वानला पहिल्यापासूनच पोराचा संशय होता. सॅन फ्रान्सिस्कोसमोरच्या या बेटावर कागदोपत्री मुलगे, म्हणजे अमेरिकेतल्या कुणा चिन्याचा मुलगा असल्याचे खोटे कागद विकत घेऊन आलेले, काही कमी उतरत नसत. बाप म्हणवणाऱ्या दुकानदाराची जबानी काल झाली होती. तिच्यात आणि याच्या सांगण्यात एका दाराचा फरक पडला, तरी पोराला परतीच्या बोटीत बसवणार होते. पण पाठ केलेलं आठवताना माणूस छताकडे बघतो. हा बाहेर काय बघतोय?

क्वाननंही मान वळवली. रांगेच्या टोकाला बॉयलरघर होतं, उंच, विटांचं. त्याला लागून दुमजली धोबीखाना. त्यापुढे सुताराची बसकी शेड.

पोरानं न पाहिलेलं अख्खं गाव या इमारतींवर टांगून ठेवलं होतं. इथं कोंडून पडल्यावर त्याला दुसरी खुंटी तरी कुठली मिळणार? क्वानला त्याच्या बनेलपणाचा राग आला, आणि रागातच त्याची दयाही आली.

"देवळाच्या मागं काय आहे?" हॅलरननी विचारलं.

बॉयलरघरामागे खाडी चमकत होती.

"समुद्र," फाय म्हणाला.

क्वाननं खिडकीवरची नजर काढली. त्यांच्या मुलखात गाव वसवतानाच पाठीशी टेकडी धरतात आणि पुढ्यात तळं. पाठीशी पाणी असलेल्या गावात कुणी मुलगी देणार नाही.

"टेकडी," तो इंग्रजीत म्हणाला. "बांबूचं बन असलेली."

हॅलरनची पेन्सिल थांबली. "एवढं सगळं त्यानं एका शब्दात सांगितलं?"

"आमची भाषा आटोपशीर आहे, साहेब."

हॅलरननी त्याच्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. उठून त्यांनी पडदा ओढला.

"ऊन डोळ्यावर येतंय," ते म्हणाले. ऊन अजून पलीकडच्या भिंतीवर होतं. "उरलेलं उद्या. दुभाष्या दुसरा असेल, नेहमीप्रमाणे. पोराला सांगा, उद्या ये म्हणून."

फाय पडद्याकडे बघत बसला होता, गाव चोरीला गेल्यासारखा.

क्वान त्याच्याकडे वळला. आवाजाची पट्टी त्यानं जराही बदलली नाही. "उद्या यायचंय. आणि गाढवा, आपल्या गावांच्या मागं टेकडी असते, समुद्र नसतो. तिच्यावर बांबू मी लावलेत, तेवढे विसरू नकोस. खिडकीकडे बघायचं नाही. उद्या माझ्या जागी जो बसेल, त्याच्या भरवशावर तर मुळीच राहायचं नाही."

फायनं मान हलवली.

हॅलरन टेबलावरचे कागद सारखे करत होते. 

"मगाशी तर तुमची भाषा आटोपशीर होती, क्वान."