पाटणकरांच्या शिव्या

“जेवलास का रे, नंदेश?”

पनवेलच्या नियंत्रण कक्षातून पाटणकर साहेबांनी इतक्या प्रेमाने विचारलं, की भर समुद्रातल्या तेलाच्या रिगवर, ड्रिलरच्या केबिनमध्ये बसलेल्या नंदेश घरतचा हात यंत्राच्या दांड्यावरच थांबला. इतक्या वर्षांत साहेबांनी त्याला गाढव सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

किनाऱ्यावरच्या पडद्यांवर तेलविहिरीच्या दाबाशेजारी ड्रिलरची नाडीही दिसायची. ती चढली की काम यंत्राच्या ताब्यात जायचं आणि घाबरलेला माणूस रिगवर सैरावैरा धावू नये म्हणून केबिनला कुलूप लागायचं. म्हणूनच घरचे फोन आधी पाटणकरांकडे जायचे. वाईट बातमी ड्यूटी संपल्यावरच सांगायची, असा नियम होता.

“साहेब, घरून फोन आला होता?”

“सगळं ठीक आहे. तू शांत राहा, बाळा.”

बाळा! समोरचा नाडीचा आकडा लाल झाला आणि मागे दाराचं कुलूप खटकन लागलं.

“आईला काही झालं का?”

“मोठा श्वास घे. नाडी उतरली की दार उघडेल. हेलिकॉप्टर मागवलंय.”

साध्या कारणासाठी हेलिकॉप्टर येत नाही, हे नंदेशला ठाऊक होतं. त्याने दाराला खांदा लावून पाहिला. दार हललं नाही.

“साहेब, मला शिव्या द्या,” तो म्हणाला. “रोजच्यासारख्या. दार उघडेपर्यंत.”

मग पाटणकर ओरडले, “अरे गाढवा, लक्ष कुठंय तुझं?”

आकडा उतरू लागला.

“नालायका, घरी आई...” आणि पाटणकरांना हुंदका फुटला.