उशीतला मुकुट

आमच्या डोंगरात कुणी गेलं की बायका त्याची उशी उसवतात. आत पिसांचा गोल मुकुट सापडला, तर माणूस स्वर्गात पोचला. जित्या माणसाच्या उशीत मात्र तो पुरा होऊ द्यायचा नसतो.

सासूबाईंना पुरून आल्यावर मी उशी उसवली. मुकुट होता, फक्त बोटभर उघडा.

"एवढी खाष्ट म्हातारी, तरी पोचली की गं!" शेजारीण व्हर्ली हसली. मग तिने अभ्रा हुंगला. "डेला, याला केसांच्या तेलाचा वास येतोय. ही तुझ्या आर्विलची उशी आहे."

बाहेर ओसरीवर माझा नवरा आर्विल बँजो वाजवत होता.

मी मुकुट विस्कटू लागले. पिसं सुटेनात. उघडी जागा माझ्या बोटांखालीच मिटली.

बँजो मधेच थांबला.