सीटखालची रेघ

कळमनुरीच्या अलीकडे एका हॉटेलापाशी देविदास सायकलीवरून उतरला आणि सीटखाली वाकून बघितलं. रेघ दिसत नव्हती. सीट पुन्हा खाली घसरली होती. डावा गुडघा जळत होता आणि सहाशे किलोमीटरचा निम्मा रस्ताही झाला नव्हता. सायकल दुकानाच्या रणजीतला झापायला त्याने पिशवीतून फोन काढला. फोनवर मेहुण्याचे, गोपीचंदचे, बरेच मिस्ड कॉल होते. त्याने आधी रणजीतलाच लावला.

"एक सीट तुला घट्ट करता येत न्हाई काहून?"

"देविदासभाऊ, सीटचं राहू द्या," रणजीत म्हणाला. "गोपीचंदला फोन लावा. तो तुमाला हुडकून राहिला."

गोपीचंद एवढंच बोलला, "दाजी, अक्का गेली." देविदासची बायको संगिता हळद शिजवायच्या कढईपाशी चक्कर येऊन पडली होती. हिंगोलीला नेता नेता वाटेतच संपली.

देविदास हिंगोलीच्या मोंढ्यात धान्य मोजणारा मापाडी होता. सकाळी तांड्यावरून जीपने जायचा, संध्याकाळी परत यायचा. सायकल घरीच असायची. सुट्टी मिळाली की तो नांदेडच्या क्लबाबरोबर लांबच्या राईडला जायचा. दोनशे झाले, तीनशे झाले, चारशेही झाले. सहाशे तेवढे होत नव्हते. दर वेळी सीट घसरायची, गुडघा धरायचा आणि सायकल टेम्पोत टाकून परत यावं लागायचं.

सीटखालच्या नळीवर त्याने खिळ्याने रेघ मारून ठेवली होती. रेघ क्लॅम्पच्या वर, काठाला लागून उघडी दिसली की उंची बरोबर. एवढ्या लांबच्या रस्त्यात करंगळीच्या नखाएवढा फरकही गुडघ्याला कळतो. निघताना अंधार असायचा. तो सीटची कळ दाबून बघायचा. कळ घट्ट लागली की निघायचा. रेघ बघायचा ती गुडघा ठणकल्यावर, रस्त्यात.

रणजीतने कळ बदलली. क्लॅम्प बदलला. तरी तेच. देविदास घरी येऊन जेवताना रणजीतला शिव्या द्यायचा. संगिता भाकरी वाढायची आणि ऐकून घ्यायची.

ती गेल्यावर सायकल पावसाळाभर भिंतीला टेकलेली राहिली. थंडी पडल्यावर त्याने पुन्हा नाव दिलं. उमेद वगैरे काही नव्हती. घरात बसवत नव्हतं. या खेपेला त्याने दर थांब्यावर वाकून रेघ बघितली. कळ तीच होती, क्लॅम्प तोच होता. सीट हलली नाही. सहाशे पूर्ण झाले. क्लबाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, पदक हातात दिलं, आणि देविदासला संताप आला. तो घरी न जाता सरळ रणजीतच्या दुकानावर गेला.

"आता कशी टिकली? आधी झोपून काम करत होता का?"

"मी हात बी लावला न्हाई, भाऊ. तवाच सांगून राहिलो होतो, मालात खोट न्हाई. तुमी ऐकता कुठं? तुमाला शिव्या द्यायला एक माणूस लागतो."

तो तसाच तांड्याकडे निघाला. ओढ्याच्या पुलावर म्हातारी पारुबाई कठड्याला टेकून शेळ्या राखत होती.

"झाली का रे तुझी सहाशे?"

"झाली, काकी. पन डोकं फिरलंय. सीट ह्या खेपेला घसरली न्हाई, अन् रणजीत म्हणतो मी काईच केलं न्हाई. मंग आधी काहून घसरत होती?"

पारुबाईने पुलावर आलेली शेळी हाकलली.

"घसरत न्हवती. संगी खाली करायची."

देविदास सायकलीवरून उतरला.

"तू मोंढ्यात गेला की माझ्या लेकीची जुनी सलवार चढवून सायकल काढायची. पाय पुरायचे न्हाई, मंग सीट खाली घ्यायची. घरी ठेवायच्या आधी वर करायची. मी म्हणायची, बराबर लागली का बघ. तर म्हणायची, रेघ झाकली की बराबर. तू रणजीतला बोलायचा, तर तिला बी त्याचाच राग यायचा. म्हणे, माणूस किती हयगय करून राहिला."

"मला काहून सांगितलं न्हाई तिनं?"

"सायकल चालवता यायची तिला. पार साखऱ्याच्या फाट्यापर्यंत जाऊन यायची. उतरता येत न्हवतं. ह्या कठड्याला सायकल लावायची, मी धरायची, मंग उतरायची. एकदा मी शेळीमागं गेले तर तिकडं बोरीत जाऊन पडली. म्हणायची, काकी, आपलं आपल्याला उतरता आलं की त्येनला सांगते. आत्ता सांगितलं तर हसतील."

तांड्यातल्या कितीतरी पोरांना देविदासने सायकल शिकवली होती. उतरणं शिकायला कुणालाही एका सकाळीपेक्षा जास्त वेळ लागला नव्हता.

संगिताला उतरायला शिकवायचं राहिलं.