चौदा तारखेची रजा

"नोकरी गेलीय ना तुझी? मग रजा कुणाकडे मागतोयस?" आईनं फोनवर विचारलं.

"अगं, इथे जर्मनीत बेकारभत्ता घेतोय मी. न विचारता देश सोडला, तर तो बंद होतो!"

भत्त्याच्या ऑफिसातल्या बाईंनी बाबांच्या मृत्यूचा दाखला पाहिला. "ते गेले चौदा मार्चला. मग वर्षश्राद्ध तीनला कसं?" तिथी दरवर्षी सरकते, हे समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला. अखेर बाईंनी रजा दिली, ती चौदा तारखेचीच.

"आता तूच समजाव त्यांना!" मी आईवर खेकसलो.

"राहू दे. चौदालाच ये," आई म्हणाली. "तिथीला काका श्राद्ध करतील, घर भरलेलं असेल. चौदाला मी एकटीच असणार होते."